डावी कळी

देवाच्या मूर्तीला ओली कळी चिकटवली की ती केव्हा गळून पडेल, हे कुणीच सांगू शकत नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, वाडी मागे हलवूची आसात तर उजवी कळी दी, नायतर डावी दी." कौल लावून झाला आणि सगळे खाली बसले. मीही बसले.

सकाळी याच देवळात मी वाडीतल्या लोकांना माझ्या सर्वेक्षणातला किनाऱ्याचा नकाशा दाखवला होता. समुद्राचं पाणी घरांपर्यंत येण्याची दाट शक्यता आहे, म्हटलं. कधी, ते मात्र नक्की सांगता येत नाही. वाडीतले जुने खलाशी नाना शांतपणे म्हणाले, "म्हंजे तुमका नक्की ठावक नाय."

मग काय, खोटं बोलायचं? मी पाण्याच्या भीतीने 'शक्यता' म्हणते आणि ऐकणाऱ्याला त्यात सवड ऐकू येते. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. आणि इथे तीच माणसं एका कळीकडे न कंटाळता बघत होती. देवाला लागणाऱ्या वेळाबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

अखेर डावी कळी पडली. माणसं हात जोडून उठली.

"चला बाय, जेवान जावा," नाना म्हणाले.

त्यांच्याकडे भातात मीठ घालत नाहीत. दारातल्या विहिरीच्या पाण्यात शिजलेला तो भात खारट लागला. नानांनी त्यावर भरपूर आमटी ओतून घेतली.