न टिकणारी जाळी

आमची जाळी शरीरात विरून जाते, किस्से मात्र साठतच जातात! चौलजवळ आमचं छोटंसं युनिट आहे. केसाहून बारीक पॉलिमरच्या धाग्यांची जाळी आम्ही बनवतो. डॉक्टर ती जखमेवर ठेवतात, तिच्या आधाराने नवं मांस भरतं आणि जाळी आपोआप नाहीशी होते. मी तिथे क्वालिटीला.

आमचे ऑपरेटर नाझिमभाई कुवेतची नोकरी सोडून आलेले. त्यांच्या अब्बांना शुगर, टाचेची जखम भरेना, डॉक्टर पाय कापायची भाषा करू लागले होते. अब्बांनी जन्मभर मासेमारीची जाळी विणली, घरात बसणं त्यांना ठाऊक नाही.

*

नाझिमभाईंचा पहिलाच दिवस. आमच्या मॅनेजर मोरे मॅडम म्हणाल्या, "पॉलिमरचे दाणे नीट वाळवून घ्या, ओलावा नको." दुपारी मॅडम आणि मी पाहतो तर दाणे शेडमागे ताडपत्रीवर पसरलेले आणि हे काठी घेऊन कावळे हाकतायत!

"अहो, ओव्हन कशाला दिलाय?"

"मॅडम, ओव्हनात कधी सोडे वाळलेत काय?"

अख्खी बॅच फेकावी लागली.

*

एका हॉस्पिटलचे साहेब पाहणीला आले. जाळीची शीट उजेडात धरून म्हणाले, "यात धागा दिसतच नाही!"

"साहेब," नाझिमभाई म्हणाले, "दिसला तर आमी रिजेक्ट करतो."

*

ट्रेनिंगमध्ये मॅडमनी समजावलं, "मांडवावर पडवळाचा वेल चढतो ना, तशा पेशी जाळीवर चढतात. मग मांडव विरतो."

"असा एक मांडव आमच्या परसात द्या मॅडम, दरवर्षी मोडायचा ताप न्हाय!"

*

मग अब्बांच्या डॉक्टरांनी आमचीच जाळी लावायचं ठरवलं. त्या आठवड्यात नाझिमभाईंनी जवळजवळ सगळाच माल रिजेक्ट केला! मॅडमनी दाण्यांची नवी पोती मागवली. खरं सांगतो, शिक्का मारताना मीही घाबरलो होतो.

*

दोनेक महिन्यांनी गेटवर आरडाओरडा. बघतो तर अब्बा!

"मॅनेजर कोन हाय? पट्टी काढली तं आत जाळंच न्हाय! माझं जाळं वरसानुवरसं टिकतं, तुमचं दोन म्हयनं टिकलं न्हाय. कसलं सूत वापरता?"

नाझिमभाई आतून धावत आले आणि दारातच थांबले. अब्बांच्या पायांकडे बघत राहिले.

मॅडम मला म्हणाल्या, "तक्रार आहे, नोंदवून घ्या."

मी फॉर्म काढला. तक्रार: जाळं टिकलं नाही. पुढचा रकाना: तक्रार कशी आली? फोन, ईमेल की पत्र?

मी लिहिलं, "एसटी स्टँडवरून चालत."