कुंदाला बिचारी म्हणू नका

कुंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मोरा बंदरात लाँचमधून उतरत होते. 'ताई, कुंदा गेली सकाली,' एवढंच तो बोलला. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उतरत होत्या, लोक मला वळसा घालून जात होते. मी कठड्याला धरून उभी राहिले. पहिल्यांदा आला तो राग. पन्नाशीही गाठली नव्हती तिने... पनवेलला पोचेपर्यंत तीन ओळखीच्यांचे फोन येऊन गेले आणि तिघांच्याही तोंडी एकच शब्द होता, 'बिचारी'. महिना उलटून गेला, तो शब्द अजून कानावर येतो आहे. हा लेख मी त्या शब्दाच्या विरोधात लिहिते आहे.

कुंदा स्क्वॉश खेळायची. छंद म्हणून नव्हे, तो तिचा पेशा होता. बंद खोलीत दोघींनी समोरच्या एकाच भिंतीवर रबरी चेंडू मारायचा, दम निघेपर्यंत पळायचं, असा हा खेळ. आपल्याकडे तो कोणी बघत नाही, आणि विचुंब्याच्या शेतकऱ्याच्या मुलीने तो खेळावा असं तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या बाबांनी आपली भातखाचरं बिल्डरला दिली आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या संकुलात बदल्यात फ्लॅट घेतले. आम्ही सोलापूरहून वडिलांच्या नोकरीपायी तिथे राहायला आलो. बाकीचे रहिवासी कुंदाच्या घराला 'गाववाले' म्हणत. बिल्डरने जाहिरातीत शोभावं म्हणून क्लबहाउसमध्ये एक स्क्वॉश कोर्ट बांधलं होतं आणि त्यात गणपतीचं मखर, तुटक्या खुर्च्या नि रंगाचे डबे भरून ठेवलेले असत. वरच्या मजल्यावर नौदलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन काका राहायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हा दोघींकडून ते सामान बाहेर काढून घेतलं, फरशी धुवून घेतली आणि हातात जुन्या रॅकेटी दिल्या. मी दोन वर्षांत कंटाळले. कुंदा मात्र शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून कोर्टात शिरायची. तिची आई वैतागून म्हणायची, 'पोरीच्या जातीनं भिंतीशी काय भांडायचा?' कुंदाचं उत्तर ठरलेलं होतं. 'भिंत उलट बोलत नाय, चेंडू बोलतो.'

भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज शेजारच्या फ्लॅटमध्ये जायचा. तक्रार झाली, कमिटीची सभा बसली, आणि कोर्ट पुन्हा सामानाला द्यायचं असं जवळजवळ ठरलं. कुंदाचे बाबा सभेत कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी ते उठले. म्हणाले, 'इमारत तुमची हाय, आमी नाय म्हनत नाय. पन या खोलीखाली माजा खाचर व्हता. तितं माजी पोर खेलंल.' तेवढ्यात कॅप्टन काकांनी दुपारी दोन ते चार कोर्ट बंद ठेवण्याची तडजोड सुचवली आणि विषय मिटला. कुंदा दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. त्या संध्याकाळी कोर्टातला आवाज जरा जास्तच मोठा होता.

पुढे ती राज्यासाठी खेळली, पदकं आणू लागली. मग मुंबईतल्या एका जुन्या क्लबातली ती स्पर्धा आली. जिंकली असती तर भारतीय संघाच्या शिबिराचं दार उघडणार होतं. बाबा तिला स्वतःच्या जीपमधून घेऊन गेले, सोबत मीही होते. बाबांच्या अंगात पांढरा सदरा, लेंगा, पायात कोल्हापुरी चपला. दारातल्या माणसाने सांगितलं, या पोशाखात आत जाता येणार नाही. संयोजकांपैकी एक गृहस्थ आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, 'वडिलांना ड्रायव्हर लोकांच्या बाकावर बसू दे, बेटा. सामना संपला की भेटशीलच.' बाबा लगेच मागे फिरले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसावं, किंवा वाटलं तरी पोरीच्या आड यायचं नव्हतं. कुंदा मात्र दारातच थांबली. बाबा आत बसणार असतील तर मी खेळेन, म्हणाली. पंचांनी निरोप पाठवला की वेळ संपत आली आहे, समोरच्या मुलीला विजयी घोषित करावं लागेल. ती म्हणाली, 'करा.' त्यांनी केलं.

परतताना जीप कळंबोलीला आली. मग बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, 'माज्यापायी हारलीस.'

'हारले नाय बाबा. खेललेच नाय.'

तिच्यावर बेशिस्तीचा शिक्का बसला. शिबिरासाठी बोलावणं आलं नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही. आमच्यासारख्या शहाण्यांनी सल्ले दिले, माफीचे दोन शब्द बोलून टाक, नोकरी बघ, लग्न कर. तिने यातलं काहीच केलं नाही. संघात नसताना खेळायचा एकच रस्ता उरला होता, व्यावसायिक स्पर्धांचा. तिथे आपलं नाव आपण नोंदवायचं, आपली बॅग आपण उचलायची, पात्रता फेरीत कोणाशीही गाठ पडली तरी उभं राहायचं. कुंदा तेरा वर्षं तशी जगली. कैरो, क्वालालंपूर, फ्रान्समधली नावंही न ऐकलेली गावं. अनोळखी कुटुंबांच्या घरी राहायची, त्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून घालायची. फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा 'हरले' हेच असे. पण आवाज पडलेला नसे. 'हरले गं. पण पाचव्या, शेवटच्या गेमपर्यंत नेली तिला. जाताना हात धरून म्हणाली, पुन्हा तुझ्याशी गाठ नको.' एवढं सांगून हसायची. एका बहराच्या काळात ती जगातल्या पहिल्या शंभर जणींत पोचली. पनवेलमध्ये त्याचा एक फलकही लागला नाही. फलक वाढदिवसांचे लागत होते.

गुडघे बोलायला लागले तेव्हा ती परत आली आणि त्याच कोर्टात मुलींना शिकवू लागली. संकुलातल्या मुली होत्या, गावातल्या होत्या, मागच्या बांधकामावर काम करणाऱ्या आदिवासी कुटुंबांतल्याही दोघी होत्या. 'बाहेरच्या' मुलींवरून कमिटीने पुन्हा कुरकुर केली. या वेळी उठायला बाबा हयात नव्हते. कुंदाने सभेत विचारलं, 'बाहेरचं कोण ते एकदा ठरवू या. सुरुवात माझ्या घरापासून करू की तुमच्या?' त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मग छातीतली गाठ निघाली. ऑपरेशन उजव्या बाजूला झालं, हात सुजू लागला. डॉक्टरांनी सांगितलं की या हाताने आता रॅकेट विसरा. तिने ऐकलं, अक्षरशः ऐकलं. केमोत गेलेले केस पुरते परत यायच्या आत ती डाव्या हाताने खेळू लागली. सुरुवातीला चेंडू रॅकेटवर येईना, आला तर भलतीकडे जाई. एका सकाळी स्वतःच्याच शिष्येकडून, सातवीतल्या पोरीकडून ती हरली आणि मला फोन करून रागाने म्हणाली, 'पोर गालातल्या गालात हसत होती. पुढल्या महिन्यात बघते तिला.' पुढच्या महिन्यात तिने त्या पोरीला हरवलं. मला वाटतं, तिच्या आयुष्यातला हा सर्वात मोठा विजय असेल. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, 'छे, त्या पोरीचा बॅकहँड कच्चा होता.'

दुखणं परतलं ते हाडांत. शेवटची भेटले तेव्हा ती खिडकीशी उशा लावून बसली होती. बोलताना धाप लागत होती. म्हणाली, 'मी गेल्यावर लोक काय बोलतील ठाऊक हाय ना? एवढी फिरली, एवढी राबली, हाताला काय लागलं. तू गप्प बसू नको.' मी म्हटलं, असं काही बोलू नकोस. ती चिडली. 'मरणाचं नाय बोलत मी. हिशेबाचं बोलतेय. मला खेळायचं होतं, मी खेळले. हिशेबात बाकी काय उरलंय?'

क्लबहाउसमध्ये शोकसभा झाली. एका गृहस्थांनी भाषण केलं, 'बिचारीच्या पदरात नशिबाने काही टाकलं नाही.' मी उठले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले की इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्याला हवं ते काम, हवं तसं, कोणापुढे मान न झुकवता केलं आहे, ते प्रत्येकाने मनात मोजावं आणि मग कोणाला बिचारं म्हणायचं ते ठरवावं. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या मुली मात्र ताठ बसल्या होत्या...

गेल्या रविवारी सकाळी तिच्या आईला भेटायला गेले. फ्लॅटला कुलूप होतं. आई खाली कोर्टाबाहेरच्या बाकावर सापडली. आत सगळे दिवे लागलेले, दार उघडं, आणि कोणीच नाही. भाऊ नंतर म्हणाला, रोज उजाडताच उठते आणि कोर्ट उघडून बसते. मुली परीक्षेमुळे येत नाहीत, हे तिला माहीत आहे. मी शेजारी बसले. तेवढ्यात सकाळचा फेरफटका मारून परतणारे एक कमिटी मेंबर थांबले आणि सहानुभूतीने म्हणाले, 'काकू, आता कोणासाठी उघडता?'

आईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. ज्या बाईने उभं आयुष्य या खेळाला नावं ठेवली, ती म्हणाली, 'तुमच्यात दम असंल तर तुमी या.'

ते ओशाळं हसून लिफ्टकडे गेले. आईने माझ्याकडे बघितलं. मग बाकाखालची रॅकेट पायाने माझ्या दिशेने सरकवली. मी कित्येक वर्षांत रॅकेट धरलेली नव्हती. आत गेले. स्क्वॉशचा चेंडू थंड असला की उसळत नाही, मातीच्या गोळ्यासारखा खाली पडतो. भिंतीवर मारून मारून त्याला तापवावं लागतं. पहिले काही फटके तसेच पडले. बाकावरून आईचा आवाज आला, 'हान अजून.'

मी मारत राहिले.