आँटी एफुआची निवडणूक आणि आम्ही भाडेकरू

मी निघाले त्या सकाळी म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या घरासमोर टॅक्सी उभी होती आणि अप्पा दुकान उघडायला निघाले होते. मुलगी घानाला चालली म्हणून शिलाईचं दुकान बंद ठेवणं त्यांना पटेना. गळ्यात टेप घालूनच गेटपाशी आले. म्हणाले, "सुम्ने, उगाच रडू नको गं. तिकडंपण माणसंच असतात." आणि मागं न बघता गेले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

मंजू, माझ्या धाकट्या बहिणी, तू डब्लिनला पोचल्यापासून रोज फोनवर रडतेस असं आई सांगते. म्हणून हे तुझ्यासाठी, आणि मागं राहिलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय.

घानातल्या टाकोराडीला माझ्या नवऱ्याची, गिरीशची, बंदरातल्या कंपनीत नोकरी. आम्हाला वरचा मजला मिळाला तो आँटी एफुआच्या घरात. आँटी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, उंच, मोठ्या आवाजाची. माझ्या बाळंतपणाला आई यायची होती, पण अप्पांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. हॉस्पिटलमधून घरी आले तर जिन्यात आँटी बाह्या सरसावून उभी. बाळाला पायांवर घेऊन तिनं अशी चोळून अंघोळ घातली, की मला आपली आजीच आठवली. रविवारी जन्मलेली मुलगी म्हणून बाळाचं नाव 'एसी' आँटीनंच ठेवलं. आपण अदिती म्हणतो. इथं गल्लीत अदिती कुणालाच माहीत नाही. मीसुद्धा इथं 'एसी मामे', म्हणजे एसीची आई.

गेल्या निवडणुकीत आँटी उभी राहिली. आपल्या कॉर्पोरेशनच्या वॉर्डासारखीच ही निवडणूक, फक्त पक्षाचं चिन्ह नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो. आमच्या गल्लीतलं उघडं गटार दर पावसात घरात शिरतं, यावरून ती चिडली आणि अर्ज भरून आली. तिचा प्रचाराचा ड्रेस मीच शिवला. अप्पांकडं शिकलेलं काज-बटण असं समुद्रापलीकडं कामाला आलं.

मग कुजबुज सुरू झाली. हिच्या घरात इंडियन राहतात, ही निवडून आली की गटाराचं कंत्राट इंडियन कंपनीलाच जाणार. कोपऱ्यावर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे विकणारी केंकेवाली माझ्याशी बोलेनाशी झाली. गिरीशला मी म्हटलं, आपण कंपनीच्या क्वार्टर्समध्ये जाऊया, निदान निवडणूक होईपर्यंत. भांडी खोक्यात भरत होते तेवढ्यात आँटी वर आली.

"हे काय चाललंय?"

मी सांगितलं.

ती खुर्ची ओढून दारातच बसली. "मी माझ्या घरातली माणसं घालवून मतं मागू? ते कढईचं खोकं उघड आधी."

शाळेच्या मैदानात सगळे उमेदवार एकाच मांडवात बोलले. प्रश्न विचारायची वेळ आली तसा एक माणूस उठला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ती बाई कुठली?"

आपल्या दुकानातही गिऱ्हाईकं मराठी ऐकून विचारायची, "निम्म ऊरु याऊदु?" तुमचं गाव कोणतं? चार पिढ्या म्हैसुरात काढलेले अप्पा कात्री न थांबवता म्हणायचे, "इदे." हेच. मला मात्र त्या मैदानात तसं म्हणायचा हक्क नव्हता.

आँटीनं माइक तोंडाशी घेतला. "माझ्या घरातली," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

मतदानाच्या दिवशी मी मत देऊ शकत नव्हते. घरी बसून चित्रान्न, आपला लिंबू पिळलेला फोडणीचा भात केला, आँटीला आवडतो तसा जास्त शेंगदाणे घालून. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मतं मोजली. आँटी हरली. थोडक्यात हरली, आणि तेच मला जास्त लागलं. आमच्यामुळंच, असं मी रडत म्हटलं, तर चित्रान्नाचा घास तोंडात ठेवूनच ती हसली. "निवडणूक पुन्हा येईल. चांगला भाडेकरू मिळणं कठीण."

पुढच्या शनिवारी ती फावडं घेऊन गटारात उतरली. मीही साडी सोडून गिरीशची जुनी पँट घालून उतरले. हळूहळू गल्ली जमली. दुपारपर्यंत निवडून आलेला माणूसही आला, थोडा ओशाळलेला. आँटीनं त्याच्या हातात घमेलं दिलं. केंकेवालीनं मला पाणी आणून दिलं. "घे, एसी मामे," म्हणाली. त्या पाण्यासाठी मी कुणाचे आभार मानू, मला कळेना.

मंजू, रडू येतं ते येऊ दे. पण शेजारणीचं नाव विचार, आणि तिला तुझं सांग.

परवा आईचा फोन होता. नेहमीसारखं विचारलं, "घरी कधी येतेस?"

मी म्हटलं, "डिसेंबरमध्ये येते ना म्हैसूरला."

म्हैसूरला म्हणाले, घरी नाही. माझ्या लक्षात आलं, आणि आईच्याही. मला वाटलं, दुखावली.

मग म्हणाली, "बरं. मग तुझ्या घरी मी कधी येऊ?"