पाच जणींची नावं

आमच्या गावच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात मी रविवारी दुपारी बसते. परवा ऐंशीच्या घरातल्या एक आजी सुनेबरोबर आल्या आणि एका जुन्या फोटोपुढे थबकल्या. जिनिंगच्या कारखान्यात, सरकी काढायच्या कापसाच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या पाच जणी. सुनेने खालची पाटी वाचून दाखवली, 'अनोळखी कामगार स्त्रिया'.

"अनोळखी कशा?" आजी म्हणाल्या. "ही माझी माय. ही गिरजामावशी, ही तुळसा."

संग्रहालय सांभाळणारे निवृत्त शिक्षक देसले सर आतून धावतच आले. या बायकांना ओळखणारं कुणी उरलंय का, हे ते कित्येक वर्षं गावभर विचारत होते. आजी सांगत गेल्या, सर लिहीत गेले. चौथी सकू. पाचवीपाशी मात्र आजी अडल्या. सरांचं पेन थांबलं, माझाही जीव टांगणीला लागला. आजींनी डोळे मिटले आणि त्या एकदम हसल्या. "रुखमा! मायचा डबा घेऊन गेले की माझी वेणी घालायची ती."

"सुटलो बुवा!" सर खुर्चीत टेकले.

संग्रहालयाला मदत म्हणजे काहीतरी मौल्यवान वस्तू द्यायची, असंच मला वाटायचं. या आजी तर रिकाम्या हातांनी आल्या होत्या. आयुष्यभर एकटीने सांभाळलेली पाच माणसं त्यांनी आमच्या हवाली केली.

दाराशी चपला घालताना त्या सुनेला म्हणाल्या, "आता मी विसरले तरी चालंल."