टकटक आणि बाहेरचं कुलूप

टकटकला नवऱ्याने घरात कोंडून ठेवलंय, ही बातमी तळमजल्यावरच्या मावशींनी जिन्यात सोडली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला शिंगंही फुटली. म्हणे, तो बस-ड्रायव्हर रोज सकाळी सहाला बाहेरून कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो, म्हातारी आईसुद्धा आतच! मावशींना दाराबाहेरची चप्पल दिसत नाही, पण कुलूप बरोबर दिसलं.

आत टकटक लॅपटॉपसमोर बसलेली असे. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे तिचं घरबसल्या काम. नावही त्या आवाजावरूनच पडलेलं. लॅपटॉप कंपनीचा. तीन महिन्यांच्या उमेदवारीतले नऊ दिवस उरले होते. एकही खाडा झाला नाही तर नोकरी पक्की. आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप रुसला. बटण दाबावं, पंखा गुरगुरे, पडदा काळाच.

पहाटे पाचपासून आराधना सुरू. चार्जर काढ, बटण दाबून धर, उलटा कर, थोपट. दीर फोनवर म्हणाला, "वहिनी, जोडलेलं असेल ते सगळं काढून बघ." तिने माउस काढला, हेडफोन काढला, शेवटी हातातल्या बांगड्याही काढल्या. कधी तिसऱ्या खेपेला लागे, कधी चाळिसाव्या.

एकदा लागला की बंद होऊ द्यायचा नाही. पण कंपनीने त्यात पाचर मारून ठेवलेली: दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप बंद. मग आंघोळ नऊ मिनिटांत, जेवण मांडीवर, आणि पहाऱ्याला सासूबाई.

"आई, एवढी कळ मधूनमधून दाबत राहा."

"दाबते गं. या वयात नोकरीला लावलंस, पगार कोण देणार?"

नवरा म्हणे, "कंपनीला सांगून टाक ना."

"सांगू? पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर चहा सांडलाय माझ्या हातून. तेच निघेल. मग पक्की राहू दे, कच्चीही जाईल."

सातव्या दिवशी ती आंघोळीहून आली तर पडदा काळा.

"आई, झोपलात?"

"छे, नुसते डोळे मिटले होते."

"त्यानेही तेच केलंय."

साडेबारापर्यंत तिने साठ वेळा बटण दाबलं. मग रडत कंपनीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"घेऊन या इकडे," तो म्हणाला.

"मला बाहेर पडता येत नाही. दाराला बाहेरून कुलूप आहे."

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

तीनला नवरा परतला, पाठोपाठ दुरुस्तीवाला. त्याने नवऱ्याला एकदा आपादमस्तक न्याहाळलं, मग लॅपटॉप उघडला. टकटकने आधीच चहाची कबुली देऊन टाकली.

"चहाचा काय संबंध? आतली मेमरीची पट्टी सैल आहे. या खेपेच्या सगळ्याच लॅपटॉपना हे दुखणं. महिनाभर हेच करत फिरतोय मी. एक फोन करायचा होतात."

पट्टी दाबली, चार स्क्रू पिळले, बटण दाबलं. लागला. पाच मिनिटांचं काम.

त्या दिवसाचे रिपोर्ट तिने आठपर्यंत संपवले. दोन दिवसांनी नोकरी पक्की झाली.

राहता राहिलं कुलूप. ते नवराच लावायचा. पण कुणी दार वाजवू नये म्हणून किल्ली त्याच्या हातात रोज टकटकच ठेवत असे. लॅपटॉप बिघडला त्या पहिल्या दिवशी मावशी तिला दारात गाठून बोलत राहिल्या, त्या अकरा मिनिटं हलल्याच नाहीत.