मेधाताई आणि आम्हा सगळ्यांचे बॉयलर

मेधाताईंच्या यजमानांचा, अनंतरावांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "मेधा गेली गं सकाळी," एवढंच म्हणाले. खोटं कशाला लिहू... माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता आमच्या बॉयलरची सर्व्हिसिंग कोण करणार? मेधाताईंना कळलं असतं तर त्या हसल्या असत्या. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

नवऱ्याच्या नोकरीमागे त्या हार्लेमला आल्या. एका जानेवारीत घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद पडला, मेकॅनिकने आठ दिवसांनंतरची वेळ दिली, आणि त्या आठ दिवसांत त्यांनी रागारागाने अख्खं डच मॅन्युअल शब्दकोश घेऊन वाचून काढलं. पुढे चाळिशीत रीतसर कोर्स केला, व्हॅन घेतली. इथल्या आम्हा मराठी मंडळींपैकी कुणाचाही बॉयलर अडला की आधी फोनवर उलटतपासणी व्हायची. थर्मोस्टॅटचे सेल बदललेस? पाण्याच्या प्रेशरचा काटा कुठे आहे? मग रीसेट, तेही एकदाच. "सारखं काय दाबतेस? लिफ्ट आहे का ती?"

माझा पराक्रम मात्र फोनवर निस्तरण्यातला नव्हता. एका डिसेंबरात आम्ही महिनाभर पुण्याला गेलो. गावाला जाताना आई सिलिंडर आणि मेन स्विच बंद करायची, तसा मी गॅसचा कॉक बंद केला, बॉयलरचा प्लगही काढला. परतलो तर हार्लेमजवळच्या नीउ-व्हेनेप गावातल्या आमच्या घरात पाच डिग्री, कडेवर तान्ही मुलगी आणि बॉयलर ढिम्म. मेधाताई अर्ध्या तासात आल्या. जाम झालेला पंप त्यांनी स्क्रूड्रायव्हरने फिरवून मोकळा केला आणि मग माझ्याकडे वळल्या. "इथे हिवाळ्यात घर रिकामं ठेवायचं, गार नाही. पाइप फुटले असते म्हणजे?" मी रडले. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही, चहा मागितला.

गेल्या रविवारी अनंतरावांकडे गेले. ते घरात कोट घालून खोकत बसले होते. नऊ दिवस हीटिंग बंद होतं.

"कुणाला बोलावलं का नाहीत?"

"तिचा बॉयलर परक्याने उघडायचा..."

"मग तुम्ही तरी बघायचंत."

"मला कुठे येतं? साऱ्या गावाला शिकवलं तिने, मला कधी हात लावू दिला नाही."

मला राग आला, दोघांचाही. त्यांना माळ्यावर नेलं आणि एकेक विचारत गेले. काटा शून्याजवळ होता. पाणी भरायचा नळ त्यांनाच उघडायला लावला, काटा दीडवर आल्यावर बंद करायला लावला. रीसेट केल्यावर जरा टिकटिक झाली आणि ज्योत पेटली.

बॉयलरच्या बाजूला सर्व्हिसिंगचं कार्ड अडकवलेलं होतं. दर वर्षीची तारीख आणि मेधाताईंची तिरपी सही. अनंतरावांनी माझ्याकडे पेन मागितलं. त्या दिवसाची तारीख घातली, पुढे 'पाणी भरलं' असं लिहिलं, आणि सहीच्या जागी सावकाश, नीट अक्षरात, मेधाताईंचं नाव लिहिलं. मी त्यांना थांबवलं नाही.