लग्नाच्या सदऱ्याची काजं

तात्या शिंपी गेल्याचा निरोप दहिवलीहून भिसेगावात माझ्या दारी आला, तेव्हा मी त्यांच्याच दुकानच्या बंड्यांची काजं करीत बसले होते. महिना झाला, ते गाठोडं पुरं होत नाही... बसलं की हात थांबतो.

मोठ्या तापाच्या साथीत माझा नवरा गेला आणि घरात मी नुसतं खाणारं तोंड उरले. तात्यांकडे तेव्हा पायाचं एकच मशीन होतं. डोक्यात मात्र भलतंच खूळ. गिऱ्हाइकाची वाट न बघता लहान-मोठ्या बंड्या शिवायच्या आणि बाजाराच्या दिवशी मांडायच्या! लोक हसले. "माप न घेता शिवलेली? कुना मेलेल्याची असंल रं!" पण खोपोलीकडे कामाला जाणाऱ्यांना शिंप्याच्या दारी खेटे घालायला सवड कुठली? बंड्या खपल्या, मशीनं वाढली, आणि काजं-बटणांची गाठोडी आम्हा बायकांच्या घरी येऊ लागली. त्यात नवरा गेलेल्याच जास्त. तात्या माझं काज उजेडाकडे धरून म्हणत, "यमुने, तुझा हात मशीनला लाजवील गं." इतकं गोड मला जन्मात कुणी बोललं नव्हतं.

मग खालापूरकडच्या एका पाटलानं सगळ्या वऱ्हाडाचे कपडे शिवायला सांगितले. एवढं मोठं काम पहिलंच. न्यायला आला तो तडकूनच. "तात्या, काजं रांडावलेल्या बायांच्या हातची हायेत म्हनं? लग्नाला चालायची नाय." मी आत पडवीत होते. तात्या म्हणाले, "छे छे! सगळी सवाष्णींनी केलीत."

हातातलं गाठोडं टाकून मी घरी आले. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही, अशी शपथ घेतली. रागीट आहेच मी. पोटाचं काय, हा विचार नंतर आला, आधी आलं ते रडू.

आठ दिवसांनी तात्या स्वतः दारात उभे. काखेत त्यांच्या मुलाच्या लग्नाचा सदरा. "चुकलो गं. गिऱ्हाईक जाईल म्हणून भ्यालो. याची काजं तू कर."

"आणि कुणी विचारलं तर?" मी फणकारले.

"विचारायच्या आधी सांगीन."

आणि सांगितलं की हो, भर मांडवात! "या सदऱ्याची काजं यमुनेनं केलीत. माझ्या दुकानची निम्म्याहून जास्त काजं अशाच बायांची असतात. ज्याला नको, त्यानं येऊ नये." नवरीची मावशी ताडकन उठून गेली. त्या साली लग्नसराईची कामं बुडाली, पण तात्यांनी एकीचंही काम काढून घेतलं नाही. हळूहळू माणसं परत आली. आज तिथं मशीन ठेवायला जागा नाही.

त्या मांडवातली नवरी, त्यांची सून सुमती, मात्र माझ्याशी कधी बोलली नाही. तिची पहिली दोन बाळं पाळण्यातच गेली, तेव्हा तर तिनं उघड माझ्या हाताला दोष दिला. मीही मनातून चरकले. खरंच का गं, यमुने?... तात्यांना हे कधी विचारायचा धीर झाला नाही.

सुतक फिटल्यावर सुमती आली. दिवस भरत आलेले. तिच्या हातात तात्यांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर होतं. बाळाचं पहिलं झबलं घरातल्या वडीलधाऱ्याच्या जुन्या धोतराचं करायचं, ही आमच्याकडची रीत. उंबरा ओलांडून ती आत आली आणि धोतर माझ्या मांडीवर ठेवलं.

"यमुनाआत्या, तुमीच शिवा."

धोतराला अजून तात्यांच्या तपकिरीचा वास होता. मी कात्री घेतली, पण डोळ्यांपुढं काही दिसेना. तेव्हा सुमतीनंच समोर बसून कापड ताणून धरलं.